पोहरा मोठा झाला; आडाचे काय?

(तृतीय वर्ष कला)

'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?' ही म्हण सातवीत असताना मी वाक्यात उपयोग करून दाखवली होती. अभ्यास न करता परीक्षेला बसलेल्या कुणा काल्पनिक रामूवर ती लादली आणि दोन गुण पदरात पाडून घेतले. त्या म्हणीचा खरा अर्थ मात्र मला गेल्या वर्षी कळला. तो कळायला कारण झाला आमच्या घराच्या भिंतीला भोक पाडून आत आलेला एक काचेचा तंतू. प्रस्तुत लेख त्या तंतूविषयी आहे. आणि तो येऊनही जे आले नाही, त्याविषयीही आहे.

आमचे घर सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी. आजोबांनी टेलिफोनसाठी नाव नोंदवले आणि तीन वर्षे वाट पाहिल्यावर १९९६ साली घरी फोन आला, ही आमच्या घरातील वारंवार सांगितली जाणारी कथा. खांबावरून आलेल्या त्या काळ्या वायरीतूनच पुढे इंटरनेटही आले. तांब्याची ती तार मुळात माणसाच्या आवाजासाठी टाकलेली. तिच्यातून माहितीचे लोंढे वाहून न्यायचे म्हणजे पायवाटेवरून मालट्रक नेण्यासारखे! शिवाय तांब्याच्या तारेतला संदेश अंतरागणिक क्षीण होत जातो. एक्स्चेंजपासून घर जितके लांब, तितका वेग कमी. आमचे घर गावाच्या अगदी टोकाला. कागदावर आठ मेगाबिटचा वेग होता. प्रत्यक्षात दोन मिळाला तर तो दिवस चांगला म्हणायचा. पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरले की फोनमध्ये खरखर आणि इंटरनेटची बोंब.

२०२० च्या टाळेबंदीत याचा खरा चटका बसला. माझी शाळा आणि धाकट्या भावाची शाळा एकाच वेळी भरे. त्याचे गणिताचे गुरुजी दिसू लागले की माझ्या इतिहासाच्या बाई तोंड उघडे ठेवून जागच्या जागी थिजत. अखेरीस आईने तोडगा काढला: सम तारखेला तो, विषम तारखेला मी. एकतीस तारखेनंतर एक तारीख आली की मला लागोपाठ दोन दिवस मिळत, म्हणून तो भांडे. आज हसू येते. पण निम्मे वर्ष आम्ही दोघांनीही निम्मेच शिकलो, ही वस्तुस्थिती हसण्यासारखी नाही.

असो. गेल्या दिवाळीनंतर 'फायबर घ्यायचे का?' हा प्रश्न घरात निघाला आणि रीतसर परिसंवाद झाला. बाबांचा आक्षेप खर्चाचा. जाहिरातीत ४९९ रुपये मोठ्या अक्षरांत आणि त्यावरचा अठरा टक्के कर मुंगीएवढ्या अक्षरांत. म्हणजे बिल ५८९ चे. 'पर्यंत' या शब्दावरही त्यांचा राग. 'शंभर मेगाबिटपर्यंत' म्हणजे पाचही त्यात आलेच की, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. भावाचे म्हणणे काय असणार, ते सांगायला नको. आईने एकच विचारले, "बिघडले तर माणूस येतो का?" आणि आजीने विचारले, "माझ्या फोनचं काय?"

आजीचा प्रश्न सर्वांत शहाणपणाचा होता, हे आम्हाला नंतर कळले. तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून, त्याच तारेतून मिळत असे. म्हणून घरात अंधार असला तरी फोन चालू राही. काचेतून वीज वाहत नाही. त्यामुळे फायबरचा फोन घरातल्या विजेवर चालतो. दिवे गेले की फोनही गेला. नंबर तोच राहील, असे कंपनीच्या माणसाने सांगितले तेव्हा आजीला बरे वाटले. पण विजेची गोष्ट कळल्यावर ती म्हणाली, "म्हंजी लाइट गेली की ह्यो बी गेला! अन् रातच्याला कुणाला काय झालं तर?" शेवटी त्या पेटीसाठी एक छोटी बॅटरी निराळी घ्यावी लागली. नव्या सोयीसोबत एखादी जुनी सोय मुकाट्याने निघून जाते आणि जाहिरातीत तिचा उल्लेख नसतो, हा या परिसंवादातून मिळालेला पहिला धडा.

जोडणी करायला आलेला तरुण आमच्याच वयाचा होता. त्याने काळ्या केबलचे साल सोलून आतला तंतू काढला, स्पिरिटने पुसला आणि एका लहानशा यंत्रात दोन टोके समोरासमोर ठेवली. ठिणगी उडाली आणि काचेला काच जुळली. मी वायर गुंडाळून खिळ्याला अडकवू लागले तशी तो घाईने म्हणाला, "ताई, एवढी वाकवू नका, लाइट बाहेर पडतो." मला वाटले, विजेबद्दल बोलतोय. पण त्याला खरोखरचा प्रकाश म्हणायचे होते.

कला शाखेची विद्यार्थिनी असूनही मला या वाक्याने त्या रात्री झोपू दिले नाही. मग वाचले. त्या तंतूची जाडी मिलिमीटरचा अवघा आठवा भाग, आणि ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो तो तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. गाभ्याभोवती किंचित निराळ्या काचेचे वेष्टन असते. तिरक्या कोनात येणारा प्रकाश त्या सीमेवरून बाहेर न पडता पुन्हा आत वळतो. दहावीच्या वर्गात आपण 'पूर्ण आंतरिक परावर्तन' असे घोकले होते, ते हेच. तंतू फार वाकवला की कोन बिघडतो आणि प्रकाश खरोखरच निसटतो. पाण्याच्या वळणाऱ्या धारेतून प्रकाश नेता येतो, हे जिनिव्हाच्या कोलाडॉन यांनी १८४० नंतरच्या पहिल्या वर्षांत आणि लंडनला जॉन टिंडल यांनी १८५४ साली दाखवले होते. पुढे शंभर वर्षांनी, १९५४ साली, पंजाबातल्या मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॉपकिन्स या आपल्या प्राध्यापकांसोबत काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवल्याचा निबंध प्रसिद्ध केला. या विद्येचे 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव कपानींनीच रूढ केले. त्यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२१ साली, मृत्यूनंतर.

तरीही काचेतून दूरवर बोलता येईल, असे तेव्हा फारसे कुणाला वाटत नव्हते, कारण थोड्याच अंतरात प्रकाश विझून जाई. १९६६ साली इंग्लंडमध्ये काम करणारे चार्ल्स काव आणि त्यांचे सहकारी हॉकहॅम यांनी सांगितले की दोष काचेचा नाही, काचेतल्या भेसळीचा आहे. काच शुद्ध करा. एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरला तरी पुरे. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ती मर्यादा गाठून मागे टाकली. आजच्या उत्तम तंतूत किलोमीटरभर धावल्यावरही शंभरातले पंचाण्णव भाग प्रकाश शिल्लक असतो. काव यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. 'दोष काचेचा नाही, भेसळीचा आहे' हे त्यांचे निदान मला फार आवडले. पुढे जे सांगायचे आहे, त्यालाही ते लागू पडते.

आता वेगाचा हिशोब. आठ बिटांचा एक बाइट होतो, हे जाहिरातवाले सांगत नाहीत. म्हणून शंभर मेगाबिटचा वेग म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. एक गिगाबाइटचे व्याख्यान आमच्या जुन्या दोन मेगाबिटच्या तारेवरून उतरवायला तासाहून अधिक वेळ लागे. आता ८० सेकंद लागतात. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेसाठी इंटरनेट सुरू झाले. २००४ च्या सरकारी धोरणात 'ब्रॉडबँड' म्हणजे किमान २५६ किलोबिट अशी व्याख्या होती. २०१३ साली ती ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ साली दोन मेगाबिट. म्हणजे आमच्या जुन्या रडतखडत चालणाऱ्या तारेला आजही नियमाने ब्रॉडबँडच म्हटले असते! व्याख्या आणि अनुभव यांत केवढे अंतर असते ते पाहा.

एवढा मोठा पोहरा हाती आल्यावर आम्ही त्यातून काय उपसले? खरे सांगायचे तर पहिला महिनाभर काहीच धड उपसले नाही. भाऊ खेळात बुडाला. आईने पाककृती पाहिल्या आणि केल्या नेहमीच्याच. बाबा खर्चाच्या विरोधात होते, पण रात्री साडेअकरापर्यंत जुने क्रिकेटचे सामने पाहू लागले. मी एक परदेशी मालिका तीन रात्रींत संपवली आणि चौथ्या दिवशी भाषाविज्ञानाच्या तासाला डुलक्या घेतल्या. 'वेग वाढला की उधळपट्टी वाढते' असे आपले काही प्राध्यापक म्हणतात. त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला मी केव्हाही तयार आहे. परंतु मला वाटते, दोष तंतूचा नाही. गावात नळ आले म्हणून लोकांनी पाणी सांडले, तरी नळ काढून टाका असे आपण म्हणत नाही.

खरा प्रश्न दुसऱ्या महिन्यात पुढे आला. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी मी 'आमच्या तालुक्यातील जात्यावरच्या ओव्या' हा विषय घेतला. मनात म्हटले, आता काय, फायबर आहे! बोटाच्या एका टिचकीसरशी साऱ्या ओव्या दारात येतील. शोध घेतला. लंडनच्या हवामानापासून कोरियातल्या केशरचनेपर्यंत सर्व काही डोळ्यांची पापणी लवायच्या आत हजर होत होते. ओव्यांच्या बाबतीतही मोठे काम झालेले दिसले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी वर्षानुवर्षे गावोगाव फिरून, अनेक सहकाऱ्यांच्या मदतीने लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि २०१७ पासून त्या 'परी' या ग्रामीण जीवनाच्या संग्रहात लोकांसमोर येऊ लागल्या. त्या पाहून मी थक्क झाले. पण मला हव्या होत्या त्या आमच्या खोऱ्यातल्या, आमच्या देवाच्या, आमच्या यात्रेच्या. त्या मला कुठे सापडल्या नाहीत. आमच्या गावाविषयी शोधल्यावर काय मिळाले? हवामानाचा अंदाज, पिनकोड आणि जमिनी विकणे आहेत अशा चार जाहिराती.

आणि त्या ओव्या माझ्यापासून दहा पावलांवर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसून लसूण सोलत होत्या!

आजीला विचारले तेव्हा ती आधी लाजली. "त्या काय सांगायच्या? दळताना येत्यात. बसून येत न्हाईत." जाते माळ्यावर होते. बाबांनी आणि मी मिळून ते खाली काढले. आजीच्या गुडघ्यांना दळणे झेपेना, पण खुंट्याला हात लागला मात्र, तिच्या तोंडून ओव्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी एकोणीस, दुसऱ्या दिवशी एकतीस. मध्येच थांबून ती म्हणाली, "पुढलं तुझ्या मोठ्या आजीला यायचं." मोठी आजी म्हणजे तिची थोरली बहीण. ती २०२१ साली कोविडमध्ये गेली. मोबाइल तेव्हाही आमच्या हातात होता. तिला फोन करून आम्ही वाफ घेतली का, काढा घेतला का, एवढेच विचारत होतो. तिच्या ओव्या तिच्याबरोबर गेल्या. त्या आता शंभर मेगाबिटच्या वेगाने शोधल्या तरी मिळणार नाहीत आणि हजाराच्या वेगाने शोधल्या तरी मिळणार नाहीत.

मला म्हणीचा अर्थ कळला तो त्या दुपारी. पोहरा केवढाही मोठा करा, दोर केवढाही मजबूत आणा. आडात जे कुणी भरलेच नाही ते वर कसे येईल? आणि हा आड काही आपोआप झऱ्याने भरणारा नाही. त्यात इंग्रजीचे पाणी तुडुंब दिसते, कारण इंग्रजी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी वर्षानुवर्षे ते ओतले. १९७१ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने संगणकावर आपल्या देशाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वतः टंकून ठेवला, कुणालाही फुकट वाचता यावा म्हणून. त्यातून 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' हे हजारो पुस्तकांचे मुक्त ग्रंथालय उभे राहिले. त्या मुलाजवळ फायबर नव्हते. फायबरच्या उपयोगाचा पहिला शुद्ध तंतू तयार होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. त्याच्याजवळ होती ती ओतण्याची बुद्धी.

आपल्याकडे काहीच नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. मराठी विश्वकोशाचे काम आपल्याच जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झाले. पहिला खंड १९७६ साली निघाला. तो कोश आज कुणालाही घरबसल्या विनामूल्य वाचता येतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि तो वाढवणारी माणसे पगारी नाहीत. पण मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश मी पडद्यावर उघडते, तेव्हा ते बहुतेक वेळा शिकागो विद्यापीठाच्या दारातून माझ्यापर्यंत येतात. शिकागोचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण मान थोडी खालीही जाते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपल्याही महाविद्यालयात पेढे वाटले गेले. दोन-अडीच हजार वर्षांचा वारसा म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. पण या भाषेच्या गेल्या पन्नास वर्षांतल्या बोलण्याची, गाण्यांची, भांडणांची, शिव्यांचीसुद्धा नोंद कोण ठेवणार?

येथे तांबे आणि काच यांतला आणखी एक फरक सांगितला पाहिजे. माझ्या मते तो सर्वांत मोठा. तांब्याच्या तारेवरच्या ब्रॉडबँडमध्ये येण्याचा रस्ता रुंद आणि जाण्याचा अरुंद ठेवलेला असे. घरातली माणसे घेणार जास्त आणि देणार थोडे, हे त्या रचनेत गृहीतच धरलेले होते. आजीच्या ओव्यांच्या ध्वनिमुद्रणाची फाइल शंभर मेगाबाइटची झाली. आमच्या जुन्या तारेवरून ती वर चढवायला, मध्ये काही तुटले नाही तर, अर्धा तास लागला असता. फायबरवर ती आठ-दहा सेकंदांत गेली. अनेक योजनांत आता येण्याचा आणि जाण्याचा वेग सारखाच असतो. म्हणजे दोर दोन्ही बाजूंनी ओढता येतो. पण आपण मात्र अजून जुन्या सवयीने एकाच बाजूने ओढत आहोत. आपल्याला घेणारे करून ठेवणारी तार गेली. आता आपण केवळ घेणारेच राहिलो, तर तो आपला दोष.

यावर काही मित्रांनी घेतलेला एक आक्षेप मला टाळता येत नाही. "तुझ्या घरी फायबर आले म्हणून तू भरण्या-उपसण्याच्या गोष्टी करतेस. आमच्याकडे विहिरीपर्यंत वाटच नाही." असे म्हणणारी माझी वर्गमैत्रीण जावळीच्या डोंगरातल्या एका वाडीहून येते. वाडीच्या वर एक खडक आहे. त्यावर उभे राहिले तरच मोबाइलला रेंज मिळते. बारावीच्या वर्षी ती पावसात छत्री धरून त्या खडकावर बसून तास ऐकत असे. गावच्या कार्यालयात फायबरची पेटी बसलेली आहे. पण पेटीचा दिवा लागतो तेव्हा कार्यालयाला कुलूप असते आणि कुलूप निघते तेव्हा दिवा लाल असतो. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली; पुढे तिला 'भारतनेट' म्हणू लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. एवढा पैसा आणि एवढी वर्षे खर्ची पडूनही शेवटचे पाचशे पावलांचे अंतर उरतेच. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. फाइल मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला तीन महिने घेते. येथेही दोष काचेचा नव्हेच!

माझ्या मैत्रिणीचे म्हणणे म्हणजे दयेची याचना आहे असे कुणी समजू नये. केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींनी संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल वापरायचा नाही, असा नियम होता. बी. ए. च्या एका विद्यार्थिनीने तो मानला नाही, म्हणून तिला वसतिगृहातून काढले. ती न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला की इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला परत घ्यावे. ही विद्यार्थिनी आपल्यासारखीच कला शाखेची होती, हे मी मुद्दाम सांगते. त्याच राज्याने पुढे स्वतःचे फायबरचे जाळे उभारले आणि वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे ठरवून जून २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन केले. ज्याला हक्क म्हटले जाते त्यासाठी तरतूद करावी लागते. नुसत्या घोषणेने वाडीत दिवा लागत नाही.

म्हणून, केवळ तक्रार करून थांबण्यापेक्षा काही सुचवावे, असे मला वाटते. आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयात आणि संगणक कक्षात फायबर आहे. ते सायंकाळी पाच वाजता कुलपाआड जाते, नेमके त्याच वेळी वसतिगृहातल्या मुला-मुलींचा अभ्यास सुरू होतो. ग्रंथालयाची वाचनखोली रात्री नऊपर्यंत उघडी ठेवावी आणि तेथे ही जोडणी द्यावी. एका शिपायाचा जादा भत्ता आणि पन्नासेक फुटांची केबल, एवढाच याचा खर्च. हे झाले उपसण्याचे.

भरण्याचे काम आपले, विद्यार्थ्यांचे आहे. मराठी विभागात दरवर्षी प्रकल्प होतात, गुण मिळतात आणि कागद रद्दीत जातात. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या घरातल्या किंवा वाडीतल्या एका वृद्ध व्यक्तीचे एक तासाचे बोलणे मुद्रित करावे. ओव्या असोत, शेतीचे शब्द असोत, धरणात गेलेल्या गावाची आठवण असो वा मुंबईच्या गिरणीतली हकिकत असो. ते लिहून काढावे आणि जगाला वाचता येईल असे ठेवावे. मात्र आधी त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी. हे मी अनुभवाने सांगते. आजीच्या पन्नास ओव्यांपैकी सात तिने मला बाहेर पाठवू दिल्या नाहीत. त्या सासरच्या जाचाच्या होत्या. "ती माणसं गेली आता. त्यांची नाचक्की कशाला?" ती म्हणाली. मला त्याच सात ओव्या सर्वांत मोलाच्या वाटत होत्या. तरीही मी त्या पाठवल्या नाहीत. वहीत लिहून ठेवल्या आहेत. आड भरायचा म्हणजे घरातली प्रत्येक घागर त्यात रिकामी करायची, असे नव्हे.

आणखी एक सूचना खुद्द या वार्षिकाविषयी. आपल्या अंकाचे जुने अंक ग्रंथालयातल्या शेवटच्या कपाटात आहेत. प्रकल्पाच्या निमित्ताने मी ते उघडले. काहींची पाने हाताला लागताच तुटतात आणि खालच्या कप्प्यात वाळवी लागलेली आहे. त्यात दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या विद्यार्थ्याने लिहिलेले अनुभव आहेत, पहिल्यांदा शिकायला बाहेर पडलेल्या मुलींच्या कविता आहेत, आता निवृत्त झालेल्या प्राध्यापकांचे तरुणपणचे तावातावाचे लेख आहेत. हा आपल्या तालुक्याचा लिहिलेला इतिहास आहे आणि त्याची ही एकच प्रत उरली आहे. एका मोबाइलने पानांची छायाचित्रे घेता येतील. पाच-सहा जणांनी पंधरा दिवस संध्याकाळी दोन तास दिले तर सर्व अंक सुरक्षित होतील. ज्यांनी ते लिहिले ते आज पुणे-मुंबईत, कदाचित परदेशांतही असतील. त्यांना आपले पहिले छापलेले पान घरबसल्या वाचता येईल. माझे नाव या कामासाठी पहिले लिहून घ्यावे.

परवाचीच गोष्ट. रात्री दिवे गेले. पेटीच्या बॅटरीवर फोन चालू राहिला आणि आत्याचा फोन आला. आजी उचलून बराच वेळ बोलत होती. ठेवल्यावर म्हणाली, "तुझ्या आत्याला मोठ्या आजीच्या दोन ओव्या याद हायेत. लहानपणी तिच्यापाशी ऱ्हायली व्हती न्हवं ती." मी अंधारातच वही-पेन्सिल शोधली आणि तोच नंबर फिरवून आत्याला म्हटले, "हं, सांगा."